सुप्याच्या बाजारात कागद का जळले? लहान आणि घट्ट गटांची गोष्ट

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. सूर बोलण्याचाच ठेवलाय, पुनरुक्ती तेवढी काढलीय.)

आजचा भाग आपल्याच मुलखातला आहे, बारामती आणि इंदापूर तालुक्यांतला. प्रश्न मात्र जगभरच्या समाजशास्त्राचा आहे. दहा-वीस घरांचा, एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखणारा गट नेमका कसा चालतो? त्याची ताकद कुठून येते? आणि तीच ताकद माणसाच्या गळ्याशी कधी येते?

व्याख्येपासून सुरुवात केली तर निम्मे लोक आत्ताच पुढे ढकलतील, म्हणून थेट एका बाजारात जाऊ.

१२ मे १८७५, सुपे

मोरगावहून चौफुल्याकडे निघालं की वाटेत सुपे लागतं. आज ते बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. जुनं, मोठं, बाजारपेठेचं गाव. शहाजीराजांच्या जहागिरीतल्या पुणे-सुपे परगण्यातलं सुपे ते हेच. इथे वाणी, दुकानदार, सावकार यांची बरीच घरं होती आणि त्यांतले बरेचसे मूळचे गुजराती.

१२ मे १८७५, बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चालून गेले. त्यांनी खातेवह्या आणि कर्जरोखे मागितले. मिळाले ते चौकात आणून जाळले. धान्याची दुकानं लुटली गेली, काही घरांना आगही लागली. पण सगळा रोख होता तो कागदावर. दंगल पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरली, तीसहून जास्त गावांत पोचली. जवळपास सगळीकडे प्रकार एकच: सावकाराला घेरायचं, कागद मागायचे, जाळायचे. कुठे मारहाण झाली, पण माणसं मारायची हा हेतू दिसत नाही. सरकारला पोलीस अपुरे पडले, सैन्य आणावं लागलं.

इतिहासाच्या पुस्तकात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. शाळेत आपण दोन मार्कांसाठी कारणं पाठ केलेली असतात: जास्त सारा, सावकारी पिळवणूक, कापसाचे भाव. कारणं बरोबरच आहेत. पण भाव पडले म्हणून माणसं आपोआप एकत्र येत नाहीत. तेव्हा फोन नव्हता, संघटना नव्हती, बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मग इतकी गावं एकाच पद्धतीनं कशी वागली?

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात

इंदापूरचं नाव महसुलाच्या इतिहासात फार वरचं आहे. पेशवाई १८१८ मध्ये संपली. इंग्रजांची सुरुवातीची साऱ्याची आकारणी इतकी जड होती की शेतकरी गावं सोडून गेले. म्हणून १८३५ च्या सुमाराला गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी नव्यानं मोजणी सुरू केली, ती पहिल्यांदा इंदापूर तालुक्यात. पुढे मुंबई इलाख्यात जी रयतवारी पद्धत पसरली तिचा पायलट प्रोजेक्ट म्हणजे इंदापूर. तीस वर्षांचा आकार ठरला. मुदत संपल्यावर १८६७ मध्ये फेरआकारणी झाली, तीही आधी इंदापुरातच, आणि सारा एकदम वाढला.

मधल्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, १८६१ ते १८६५. इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा खेळू लागला, सावकार सढळ हातानं कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं, भाव कोसळले, उधारी आटली. नेमका त्याच वेळी सारा वाढलेला.

त्यात कायद्याची एक गंमत. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या कर्जरोख्याचं आयुष्य तीन वर्षं ठरवलं. हेतू असा की व्याज वर्षानुवर्षं साचत राहू नये. झालं उलटंच. तीन वर्षं भरत आली की सावकार नवा रोखा लिहून घ्यायचा आणि तोपर्यंतचं व्याज मुद्दलात घालायचा. शेतकरी खाली नांगराची निशाणी करायचा. कागदात काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं.

गाव म्हणजे नेमका कसला गट?

आता समाजशास्त्र. चार्ल्स कूली नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९०९ मध्ये 'प्राथमिक समूह' ही कल्पना मांडली. समोरासमोरचा, रोजचा, जिव्हाळ्याचा संबंध असलेला गट: कुटुंब, मुलांचा खेळगट, शेजार. प्राथमिक अशासाठी की माणूस माणूस म्हणून घडतो तो आधी तिथे. नंतरच्या अभ्यासकांनी दुसऱ्या टोकाला दुय्यम समूह ठेवला: कंपनी, कचेरी, पक्ष. तिथे आपण एका कामापुरते असतो. काम संपलं, संबंध संपला.

आपल्याकडे या प्राथमिक समूहाला वेगळं नाव शोधायला लागत नाही. भावकी आहे, गावकी आहे, आळी आहे. 'गाव करी ते राव न करी' ही म्हण हेच सांगते.

माझ्या कामातली एक आकडेमोड इथे सांगतो. गटात ५ माणसं असतील तर जोड्या होतात १०. माणसं २० झाली की जोड्या १९०. आणि २०० माणसांत १९,९००. म्हणजे माणसं वाढतात त्याच्या कितीतरी पट वेगानं नाती वाढतात. म्हणून प्रत्येकानं प्रत्येकाला ओळखणं हे लहान गटालाच जमतं. मोठ्या गटाला मग नियम लागतो, हजेरी लागते, कागद लागतो.

पण संख्या लहान एवढंच पुरेसं नाही. लिफ्टमध्ये सहा माणसं असतात, तो गट नव्हे. गावातलं नातं अनेकपदरी असतं. ज्याच्याशी बांध सामाईक, त्याच्याशीच सावड, त्याच्याच घरी लग्नात पंगत, त्याचाच चुलता पोरीच्या सोयरिकीत मध्यस्थ. एका दोरीत पाच पेड असले की ती सहजासहजी तुटत नाही. आणि तोडायची ठरवलीच, तर पाची पेड एकदम तुटतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सावकार आत होता की बाहेर?

जुन्या काळातही सावकार होताच. पण वसुलीसाठी त्याला गावावर अवलंबून राहावं लागायचं. पाटील, पंच, चार वडीलधारी मध्ये असायची. फार ताणलं तर गाव आडवं यायचं, म्हणून दोन्हीकडे धरसोड असायची. दिवाणी कोर्टं आली आणि हा सांधाच निखळला. आता सावकाराला पाटलाची मर्जी राखायची गरज उरली नाही. रोखा घेऊन तालुक्याला जायचं, हुकूमनामा आणायचा, जप्ती करायची. इतिहासकार रविंदर कुमार यांनी दंग्यांच्या मुळाशी हा बदल दाखवला आहे: गावातला सत्तेचा तोल सावकाराकडे झुकला.

एक गोष्ट सहसा सुटते. सावकारसुद्धा एका घट्ट गटातलाच होता. मारवाडी किंवा गुजराती, दूरच्या मुलखातून आलेला, जातभाईच्या पेढीवर उमेदवारी करून मग स्वतःचं दुकान मांडलेला. त्याला मोठ्या पेढीकडून भांडवल मिळायचं ते नात्याच्या आणि शब्दाच्या जोरावर. जेम्स कोलमन यानं १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या हिरे व्यापाऱ्यांबद्दल हेच लिहिलं: लाखोंचे हिरे एकमेकांकडे तपासायला देतात, करारनामा नाही, पावती नाही. कारण सगळे एकाच समाजातले. फसवणारा धंद्यातूनच नाही, तर नात्यागोत्यातून, प्रार्थनेच्या जागेतून, सगळीकडूनच बाहेर पडतो.

म्हणजे गावात दोन घट्ट गट शेजारी-शेजारी नांदत होते. इकडे भावकी, आतला व्यवहार शब्दावर. तिकडे पेढ्यांचं जाळं, आतला व्यवहार शब्दावर. आणि दोघांच्या मध्ये? सोयरीक नाही, पंगत नाही, सावड नाही. पूर्वी पाटील-पंचांचा तरी पूल होता, तोही गेला. उरला फक्त कागद.

सुप्याच्या बाजारात लोकांनी कागद का जाळले याचं माझ्या मते हे उत्तर आहे. दोन गटांमधला एकमेव धागा तोच होता. माणसाला मारून कर्ज संपत नव्हतं, रोखा जाळून संपेल असं त्यांना वाटत होतं. अडाणी जमावाचं हे अगदी हिशेबी वागणं होतं.

दंगलीच्या जोडीला, न गाजलेलं हत्यार

दंगल गाजली, पण त्याआधीच एक शांत हत्यार बाहेर निघालं होतं. डिसेंबर १८७४, शिरूर तालुक्यातलं कर्डे. काळूराम नावाच्या सावकारानं बाबासाहेब देशमुख या गावातल्या वजनदार माणसावर सुमारे दीडशे रुपयांच्या कर्जापायी हुकूमनामा मिळवला आणि त्याचं घर पाडायला घेतलं. गाव संतापलं, पण कुणी हात उचलला नाही. लोकांनी सावकारांच्या दुकानातून माल घेणं बंद केलं. त्यांच्या शेतात कामाला जाणं बंद. न्हावी जाईना, पाणक्या जाईना. पाठोपाठ इतर गावांनीही तेच केलं.

मग हे लेखी होऊ लागलं. गावकरी एकत्र बसून संमतीपत्र करत. दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारनं समिती नेमली, तिचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे गेला. त्यात इंदापूर तालुक्यातल्या कळस गावचा असा एक करार नोंदवलेला आहे. त्याचा आशय माझ्या शब्दांत सांगतो. गुजर सावकारांच्या जमिनी कुणी कसायच्या नाहीत, त्यांची चाकरी करायची नाही. जो करेल त्याचं काम न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार आणि बाकीच्या बलुतेदारांनी करायचं नाही. त्याला जातीच्या पंगतीत घ्यायचं नाही, त्याच्याशी सोयरीक करायची नाही. परत घ्यायचं तर सगळ्यांच्या एकमतानं, आणि वर दंड आणि गावाला जेवण.

आता हा करार नीट बघा. शिक्षा सावकाराला नाहीये. शिक्षा आहे आपल्यातल्याच फुटणाऱ्या माणसाला. सावकारावर गावाचा ताबा उरलाच नव्हता, त्याच्यामागे कोर्ट होतं. गावाचा ताबा होता तो आपल्याच माणसांवर. तो वापरून त्यांनी सावकाराभोवती पोकळी तयार केली.

मघाशी पाच पेडांची दोरी म्हटलं, ती ही. न्हावी, सुतार, पंगत, लग्न, सगळं एकदम तुटणार. दाढी दुसरीकडे करून घेता येईल. पण नांगराचा फाळ पेरणीच्या तोंडावर कोण शेवटून देणार? पोरीला स्थळ कोण आणणार? त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा' या पुस्तकात बलुत्याची ही सगळी बांधणी तपशिलानं वाचायला मिळते. ती वाचली की कळसच्या करारातल्या प्रत्येक नावाचं वजन कळतं.

आणि एक मजेशीर योगायोग. 'बॉयकॉट' हा शब्द आला १८८० मध्ये, आयर्लंडच्या मेयो परगण्यातून. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा जमीनदाराचा कारभारी. कुळांनी त्याचं शेतकाम सोडलं, नोकर निघून गेले, दुकानदार माल देईनात. माणसाचं आडनावच क्रियापद झालं. कळसच्या लोकांनी तेच हत्यार साधारण पाच वर्षं आधी कागदावर उतरवलं होतं. दोन्ही ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहणारी गावं होती आणि समोर कोर्टाच्या जोरावरचा मालक होता. एकानं दुसऱ्याचं बघून केलं असं नाही. घट्ट गटाच्या हातात असणारं पहिलं हत्यारच हे असतं: संबंध तोडणं.

किंमत कोणी मोजली?

इथपर्यंत ऐकून गावासाठी टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पण थोडं थांबू.

सावकाराच्या शेतात कोण राबत होतं? बरेचदा तोच, ज्याची ती जमीन आधी होती. जप्तीत गेली आणि तो आपल्याच शेतात कूळ म्हणून राहिला. दुसरं शेत नाही, घरात दाणा नाही. करार त्याला सांगतो, ते काम सोड. नाही सोडलंस तर तुझी जात, तुझं गाव, तुझ्या पोरांची लग्नं, सगळं बंद. पोटभर जमीन असलेल्याला एकजूट स्वस्त पडते आणि भूमिहीनाला ती सगळ्यात महाग पडते. करारात बलुतेदारांनी काय करायचं नाही याची यादी आहे. बलुतेदारांना बलुतं बुडालं तर भरून कोण देणार, त्याचं कलम नाही.

लहान गटाचं हे दुसरं तोंड. आतली ऊब आणि आतला धाक एकाच चुलीवर शिजतात. जो गट अडचणीत न बोलावता धावून येतो, त्याला आपल्या घरातलं सगळं माहीत असतं. आणि सगळं माहीत असतं म्हणूनच त्याला आपल्याला वाकवता येतं.

पुढच्या पन्नास वर्षांत हे हत्यार कुणाकडे वळलं ते बघा. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्यानंतर पाण्यावर, रस्त्यावर हक्क सांगणाऱ्या अस्पृश्यांवर गावोगावी बहिष्कार पडू लागले. दुकानातून मीठ-मिरची नाही, शेतावर मजुरी नाही, वाटेनं जाऊ द्यायचं नाही. डॉ. आंबेडकरांनी त्याच वर्षी काढलेल्या पाक्षिकाचं नाव होतं 'बहिष्कृत भारत'. मुंबई सरकारनं १९२८ मध्ये स्टार्ट समिती नेमली. आंबेडकर स्वतः तिचे सदस्य होते. १९३० च्या अहवालात या सामाजिक बहिष्काराची दखल घेतलेली आहे. कळसमध्ये जे हत्यार दुबळ्यानं बळकटाविरुद्ध उचललं, ते इथे बळकटानं दुबळ्याविरुद्ध उचललं. वापरण्याची रीत शब्दशः तीच.

जातपंचायतींनी ते एकविसाव्या शतकापर्यंत चालवलं. आंतरजातीय लग्न केलं, पंचांचा निवाडा मानला नाही, टाका वाळीत. शेवटी महाराष्ट्रानं २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू आहे. कुणाला वाळीत टाकणं हा आता गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आजच्या कायद्याच्या नजरेनं बघितलं तर कळसचा करारही गुन्ह्यात बसेल. अन्यायाशी लढणारा करार आणि अन्याय करणारा करार यांची भाषा एकच असू शकते. फरक ठरतो तो एका प्रश्नावर: ज्याच्यावर हा नियम लादला जातोय, त्याला बैठकीत बोलायची मुभा होती का?

दंग्यातून काय निघालं?

१८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. कोर्टानं नुसत्या रोख्यावर न जाता कर्जाचा मागचा इतिहास तपासायचा, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही, गावपातळीवर दस्त नोंदवायचे, तंट्यात समेट घडवणारे नेमायचे. नीट बघितलं तर दोन गटांमधला जो पूल मोडला होता, तो सरकारनं कायद्यानं बांधायचा प्रयत्न केला.

दुसरं पाऊल जास्त महत्त्वाचं. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यात ग्रामीण संस्थांसाठी अमर्यादित जबाबदारीचं तत्त्व होतं. म्हणजे एकानं बुडवलं तर सगळे सभासद आपापल्या मालमत्तेनिशी जबाबदार. शहरी माणसाला हे वेडेपणाचं वाटेल. पण त्यामागचा विचार साधा होता: गावात कोण कामाचा, कोण उडाणटप्पू हे शेजाऱ्याला बँकेपेक्षा चांगलं कळतं. भावकीची ओळख हेच तारण.

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमाराला वाहता झाला, ऊस आला, विकास सोसायट्या आल्या आणि नंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. कारखान्याचे सभासद हजारांत. तो प्राथमिक समूह राहिला नाही. तिथे जोड्यांची संख्या कोट्यवधींत जाते, म्हणून लेखापरीक्षण लागतं, निवडणूक लागते. पण कारखान्याच्या निवडणुकीत मत कसं फिरतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. पॅनेल वरून ठरतं, मत भावकीतून पडतं. मोठ्या संस्थेच्या पोटात लहान गट मेलेला नसतो.

बचत गटांतही तीच जुनी युक्ती आहे. दहा ते वीस बायका, दर महिन्याला बैठक, कर्ज एकीला, जामीन सगळ्या. नाबार्डनं १९९२ मध्ये गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली. हप्ता थकला की मॅनेजरच्या आधी शेजारीण दारात येते. कितीतरी बायकांना पहिल्यांदा स्वतःच्या नावावर पैसा यामुळेच मिळाला. आणि दुष्काळाच्या वर्षी शेजारणीच्या त्या फेरीला घाबरून मंगळसूत्र गहाण टाकण्याची वेळही यातूनच येऊ शकते. ऊब आणि धाक, पुन्हा एकाच चुलीवर.

मग आपण काय घ्यायचं?

आपल्यातले बरेच जण आता पुण्यात, हिंजवडी-खराडीला. गाव व्हॉट्सअ‍ॅपवर. भावकीचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप. कुणाला दवाखान्यात पैसे लागले तर अर्ध्या तासात जमतात, हे मी पाहिलंय. आणि ग्रुपमध्ये चारचौघांविरुद्ध बोललेल्या माणसाला कसं गप्प केलं जातं, तेही. काढून टाकणं एका बोटाचं काम झालंय. पण गावातली पाच पेडांची दोरी आणि ग्रुपचा एक पेड यांत फरक आहे. ग्रुपमधून निघालेल्याची दाढी बंद होत नाही, पोरीचं लग्न अडत नाही. म्हणून आपले गट आज कमी क्रूर आहेत, आणि म्हणूनच ते कमी बळकटही आहेत. हजार माणसांचा ग्रुप रात्रभर संताप व्यक्त करू शकतो. पण कळससारखं 'उद्यापासून कुणीच त्या शेतात जाणार नाही' हे त्याला जमत नाही.

तुमच्या गावात वाळीत टाकल्याच्या किंवा उलट सगळं गाव एखाद्या घरामागे उभं राहिल्याच्या आठवणी असतील, तर आजी-आजोबांना आत्ताच विचारून ठेवा. अशा गोष्टी सरकारी अहवालात एखाद-दुसरीच सापडते, बाकीच्या माणसांबरोबर जातात. आम्हाला लिहून पाठवलंत तर फारच छान, फक्त कुणाचं नाव-गाव नका टाकू.

पुढच्या भागात नीरा कालव्याचं पाणी आणि पाळीवरून होणारी भांडणं. तोवर, राम राम मंडळी.